दर वेळी ९४

मागच्या पावसाच्या तोंडावर आम्ही घरच्या इंटरनेटचा प्लॅन वाढवला. १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटांचा, २०० केला. पुण्यातल्या एका ऑफिसचं अकाउंट्सचं काम मी गोव्यातल्या मयेच्या घरून करते. महिनाअखेरीला सर्व्हरवरून मोठमोठ्या फाइली उतरवाव्या लागतात, तो वेळ निम्म्यावर येईल एवढीच अपेक्षा होती. बिल वाढलं, वेग ढिम्म. मागच्या खोलीत लॅपटॉपला वायर लावून टेस्ट घेतली, ९४. रात्री बाराला, ९४. पहाटे पाचला, वाड्यावर कोंबडाही उठला नव्हता तेव्हा, ९४.

कंपनीला फोन लावला. "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. दुसऱ्यांदा लावला, तेच उत्तर. तिसऱ्या तक्रारीनंतर लाइनमन आला. पडवीत राउटरला खेटून उभा राहिला, स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट घेतली आणि स्क्रीन माझ्या पुढ्यात धरली. १९१. "वहिनी, आमचें सगळें बरें आसा." तो गेल्यावर मी मागच्या खोलीत येऊन पुन्हा बघितलं, ९४. त्याचंही खरं होतं आणि माझंही. डोकं फिरलं ते त्यामुळेच.

एवढे दिवस मी तो आकडा कमी आहे म्हणून रडत होते, तो हलत का नाही हे मला सुचलंच नाही. लाइनवर गर्दी असती तर संध्याकाळी ६० आणि पहाटे १८० दिसला असता. हा रोज, कुठल्याही वेळी, ९४. म्हणजे कुठेतरी दार अरुंद होतं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर लिंक स्पीड, म्हणजे वायरवर जुळलेला वेग, लिहिलेला असतो, तिथे १००/१०० दिसलं. मग उलगडलं. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते, १०० च्या वायरवर प्रत्येक पाकिटाचा पत्ताबित्ता लिहिण्यातच पाच-सहा टक्के जातात, हातात पडतात ९४. (फाइल उतरताना हेच बारा एमबीच्या आत दिसतं, कारण तिथे मोजणी बाइटमध्ये आणि आठ बिटांचा एक बाइट. या हिशेबावरून माझं आधी एकदा नवऱ्याशी भांडूनही झालं होतं.)

पहिला संशय राउटरवर. त्याला मागे चार भोकं, एकाखाली जीई लिहिलेलं, बाकी तिघांखाली एफई. एफई म्हणजे १०० चं, जीई म्हणजे १००० चं. माझी वायर अर्थातच एफईत होती. चुटकीसरशी सुटलं म्हणून जीईत घातली. ९४.

मग लॅपटॉप उचलून पडवीत नेला आणि राउटरच्या खोक्यात आलेली हातभर वायर लावली. १९८. राहिली ती फक्त माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत गेलेली जुनी वायर. तांब्याच्या फोनलाइनवर इंटरनेट यायचं त्या काळात गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने ती ओढली होती. माझ्या टोकाचा प्लग खिडकीशी उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ तारा दिसायला हव्यात, दिसल्या चारच, नारिंगी आणि हिरवी जोडी. तपकिरी जोडी मुळाशी कापलेली, आणि निळी जोडी वायरच्या सालीतून आधीच बाहेर पडून भिंतीच्या कडेने कुठेतरी गेलेली. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. लॅपटॉप आणि राउटर चार तारा बघून निमूट १०० वर उतरत होते आणि मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. निळी जोडी जाते कुठे, ते तेव्हा बघितलं नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचंच होतं. मिरच्या, कोकम आणि तीस मीटर कॅट सिक्स नेटवर्क वायर अशी यादी केली. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवली ती वायर फारच स्वस्त. ब्लेडने तार खरवडून दाखवायला सांगितली तर आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. लांब अंतराला ही दगा देते, प्लगमध्येही नीट धरत नाही. निखळ तांब्याची घेतली, दोन्ही टोकांना प्लग तिथेच मारून घेतले. रविवारी नवरा माळ्यावर चढला, मी खालून वायर सोडत गेले. ऐंशी वर्षांची धूळ दोघांनी मिळून खाल्ली. टेस्ट, १९७.

वाय-फायची कथा वेगळी. आमचं घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. राउटर पडवीत आणि माझी खोली स्वयंपाकघराच्याही पलीकडे, मध्ये तीन भिंती. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या भिंतीतच दम तोडतो, २.४ चा पोचतो, पण मोबाइलवर १५-२० च्या वर जात नाही. यावर मी आधी सिग्नल झेलून पुढे पाठवणारा रिपीटर आणून पैसे घालवले. माझ्या खोलीत लावला, म्हणजे जिथे सिग्नल मेलेला तिथेच. जे मुळात येत नाही ते हा पुढे काय वाढणार? शिवाय स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यात वेग निम्मा होतो. नवी वायर मागे पोचल्यावर कपाटातला जुना राउटर काढून तिच्या टोकाला लावला. पहिल्या दिवशी त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायची सोय, बंद करायला विसरले. दोन राउटर घरभर पत्ते वाटत सुटले, अर्ध्या मोबाइलांचं नेट गेलं आणि ऐन क्रिकेटच्या मॅचमध्ये टीव्हीही. डीएचसीपी बंद केलं, त्याचा पत्ता बदलला, वायर वॅनमधून, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या भोकातून, काढून घरातल्या उपकरणांसाठीच्या लॅनच्या भोकात घातली, तेव्हा घर शांत झालं. भाच्याने डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलायला सांगितला होता, तोही बदलला. पानं उघडताना किंचित चटपटीत वाटतात, टेस्टचा आकडा मात्र हलला नाही, हलायचं कारणही नव्हतं.

जुलैत खरा कंपनीचा दोष सापडला. वारा सुटला की राउटरवर लाल दिवा आणि नेट गायब. आमचं नेट फायबरच्या काचेच्या तारेतून येतं. राउटरच्या पानावर तिच्यातून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, ती उणे २८ डीबीएम (हे त्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा वाढला की प्रकाश कमी). उणे २७ च्या खाली गेलं की या उपकरणांचा भरवसा नसतो. या वेळी फोनवर हा आकडाच सांगितला, तर लाइनमन दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन हजर. खांबावर मोजलं, उणे २०. घरात उणे २८. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे खांबापासून पडवीपर्यंत येता येता सहावा हिस्साच उरत होता. फायबर आमच्या फणसाच्या फांदीला बांधलेली, आणि फांदी हलेल तशी तिथे काटकोनात मुडपत होती. प्रकाशाला असं वळण जमत नाही, तो बाहेर सांडतो. लाइनमनने वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाला, "ही वायर म्हातारी जाल्या." तेवढा तुकडा बदलून फणसाला वळसा घालून नवी आणली. उणे २१. वेग होता तोच राहिला, लाल दिवा गेला.

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी वायर आता कशाला म्हणून मी उपटून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई स्वयंपाकघरातला फोन कानाला लावून उभ्या. "मेलाय हा." राउटरच्या फोनच्या भोकातून निघालेली लाइन त्या निळ्या जोडीवरूनच स्वयंपाकघरात येत होती, आणि सावंतवाडीची मावशी रोज साडेतीनला त्याच फोनवर बोलते. मोबाइल दोघींनाही नको असतो. वायर परत माळ्यावर चढवली. आता तिच्यावरून फक्त मावशी येते.