सोलेंटमधे मित्रांसोबत यॉट भाड्याने घेऊन फिरलो – माझा अनुभव

आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी, सगळे साउथॅम्प्टनच्या आसपास नोकरीला, आणि शिडाची बोट घेऊन सोलेंटमधे जायचं हे बरेच दिवस चाललं होतं. सोलेंट म्हणजे इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आयल ऑफ वाइट यांच्या मधलं पाणी. बेटाचा आडोसा असल्यामुळे बाहेरच्या मोठ्या लाटा आत फारशा येत नाहीत, म्हणून नवख्यांना बरं पडतं. पण इथलं भरती-ओहोटीचं पाणी धावतं जबरदस्त, आणि सगळा प्लॅन त्याच्या वेळा सांभाळून करावा लागतो, हे जाणाऱ्या प्रत्येकाने आधी मनात पक्कं करून घ्यावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

ब्रिटनमधे स्वतःच्या हौसेसाठी यॉट चालवायला कायद्याने लायसन्स लागत नाही, पण बोट भाड्याने देणारे बहुतेक जण आरवायएचं (रॉयल यॉटिंग असोसिएशन, तिथली नौकानयनाची संस्था) डे स्किपर, म्हणजे दिवसा यॉट चालवता येते याचं सर्टिफिकेट, मागतातच. मी थिअरी हिवाळ्यात संध्याकाळी क्लास लावून केली, नंतर पाच दिवसांचं प्रॅक्टिकल, आणि व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरून बोलायचा रेडिओ) सर्टिफिकेट वेगळं काढलं. बाकीच्या तिघांकडे काही नव्हतं, त्यांना मी घरीच दोरी देऊन गाठी शिकवल्या.

तारीख ठरवताना सगळ्यात आधी चंद्र बघितला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-ओहोटी) हे कोकणात लहानपणापासून ऐकलेलं, ते इथेही तसंच लागू पडतं. पोर्ट्समथला उधाणात भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या जवळ जातो आणि भांगाला साधारण त्याच्या निम्मा, त्यामुळे प्रवाहाचा जोरही कमी. पश्चिमेच्या टोकाला हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडात उधाणाला पाणी ४ नॉटच्या वर (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) धावतं आणि आमची बोट इंजिनवर जेमतेम ६ नॉट, म्हणजे उलट्या प्रवाहात निघालं तर तासभर तोच किनारा बघत बसायचं. म्हणून मे महिन्यातला अष्टमीच्या लगेच नंतरचा वीकेंड घेतला.

साउथॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीतून निघालो. बोट ताब्यात घेताना घाई करू नका, लाइफजॅकेट प्रत्येकाने अंगावर घालून पट्टे आवळून घ्या, गॅसचा नळ कुठे बंद होतो ते चौघांनीही बघा आणि टॉयलेटचा पंप एकेकदा मारून बघा. आधीच पडलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. आम्ही शीड नदीतच शांत पाण्यात रीफ करून, म्हणजे थोडं गुंडाळून लहान करून घेतलं कारण बाहेर नैऋत्येचा वारा चांगलाच होता, आणि हे काम हलत्या डेकवर करण्यापेक्षा आधी केलेलं केव्हाही चांगलं.

साउथॅम्प्टनच्या खाडीच्या तोंडाशी, कॅलशॉटपाशी मोठ्या जहाजांची वाट आडवी येते. १५० मीटरपेक्षा लांब जहाज त्या भागात असलं की त्याच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर जायला मनाई आहे. आम्ही रेडिओवर चॅनल १२ (बंदराच्या जहाज-वाहतुकीचा) ऐकत होतो, एक कंटेनर जहाज बाहेर निघालंय असं कळलं तसे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या बाहेर थांबलो आणि ते पूर्ण गेल्यावर त्याच्या मागून पलीकडे गेलो.

बेटाच्या उत्तर टोकाचं काउझ सोडून पश्चिमेकडे वळल्यावर प्रवाह आमच्या बाजूने आणि वारा समोरून, म्हणजे वेग मस्त मिळतो पण पाणी आखूड उभ्या लाटांनी खवळतं. मैत्रिणीला मळमळायला लागलं, तिला खाली केबिनमधे जाऊ दिलं नाही, सरळ सुकाणू हातात दिलं आणि लांब किनाऱ्याकडे नजर ठेवायला सांगितलं, अर्ध्या तासात ती गप्पा मारायला लागली.

मुक्काम बेटावरच्या न्यूटाउन खाडीत. तोंडाशी पाणी उथळ आणि आमच्या बोटीची किल (तळाखालचा जड भाग) १.८ मीटर खोल, म्हणून चढत्या पाण्यावरच आत शिरलो, चढत्या पाण्यात तळाला टेकलंच तरी थोड्या वेळात बोट आपोआप सुटते. आत पाहुण्यांना बोट बांधायला पांढरे बोये असतात. बोया धरताना आधी शीड पूर्ण उतरवलं आणि इंजिनवर प्रवाहाच्या समोरून हळूहळू गेलो, कारण समोरून पाणी येत असेल तरच बोट बोयापाशी जागेवर थांबते, मागून ढकलत असेल तर पुढे निघून जाते. इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून पुढे आकडा घेऊन उभा असलेला मित्र हाताने बोयाची दिशा दाखवत होता आणि शेवटच्या दोन मीटरला त्याने मूठ वर केली, मी इंजिन न्यूट्रलला टाकलं, त्याने आकड्याने कडी ओढली, दोर त्यातून ओवून परत बोटीवर आणून बांधला. मग कांदेपोहे.

तिथे किनाऱ्यावर एक जुना टाउन हॉल आहे, आजूबाजूला टाउन म्हणावं असं काहीच नाही, पण १८३२ पर्यंत या एवढ्याशा गावातून पार्लमेंटवर दोन खासदार निवडून जायचे. वेळ काढून जरूर बघा.

दुसऱ्या दिवशी पाणी पूर्वेकडे वळेपर्यंत थांबलो आणि मग वारा पाठीशी घेऊन आरामात परत. हॅम्बलला डिझेल भरलं, बोट धुतली, ओरखड्यांचे फोटो दाखवले आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळालं.