थांबलं की गळतं: घरी उघडलेला कार्बोरेटर आणि ३२० किलोमीटर

आधीच सांगतो, चूक माझीच होती, बाईक बिचारी निर्दोष. ट्रिपच्या तीन दिवस आधी मला हुक्की आली की कार्बोरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आपणच साफ करायचा, पेट्रोलची नळी कडक झालीये ती पण बदलायची आणि हात घातलाच आहे तर एक फिल्टर पण मध्ये बसवून टाकायचा. केलं सगळं. दहा किलोमीटर फिरून आलो, गाडी लोण्यासारखी, आयडलिंग मस्त, मी स्वतःवर जाम खूश.

जाताना १६०, येताना १६०, मध्ये एक मुक्काम असा प्लॅन, मित्र त्याच्या गाडीवर मागे. पहिले ९० किलोमीटर काहीच नाही. मग पाय मोकळे करायला थांबलो तर पाचेक मिनिटांत मित्र म्हणाला, "पेट्रोलचा वास मारतोय, तुझीच आहे का बघ." म्हटलं टाकी फुल्ल आहे, झाकणातून येत असेल. तरी वाकून बघितलं तर इंजिनखाली मातीत ओला डाग, आणि वर कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या पाईपमधून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, टप... टप... तीन-चार सेकंदाला एक थेंब.

"परवा काय काय उघडलं होतंस?" मित्राचा पहिला प्रश्न. मला राग आला, पण प्रश्न बरोबरच होता. कालपर्यंत न गळणारी गाडी आज गळत असेल तर आधी तिथेच बघायचं जिथे आपला हात लागलाय.

कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद, चावी बंद, आणि गाडी ढकलत त्या ओल्या जागेपासून लांब नेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून तिथेच उभं राहून स्टार्टर मारून बघू वगैरे अजिबात करू नका, आणि सायलेन्सर गार होईपर्यंत पाना पण बाहेर काढू नका.

एवढं शहाणपण दाखवून मग मी मूर्खपणा केला, बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा, ड्रेन स्क्रू (पेट्रोल काढून टाकायचा) जोर लावून आवळला. बाऊल नरम धातूचा असतो, आटे गेले की संपलं. नशीब, वाचले. खरं तर कुठून गळतंय ते न आवळताही कळतं. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच तोंडातून बाहेर येतात, त्यामुळे नुसतं बघून समजत नाही, पण कॉक बंद करून थांबायचं. थोड्या वेळात थेंब थांबले तर ओव्हरफ्लो, आणि बाऊल रिकामा होईपर्यंत गळतच राहिलं तर ड्रेन स्क्रू. माझे थांबले. म्हणजे नीडल.

बाऊलमध्ये पेट्रोल चढलं की त्यात तरंगणारा फ्लोट वर येतो आणि नीडलला, म्हणजे टोकदार सुईला, पेट्रोल येण्याच्या भोकात दाबून पेट्रोल बंद करतो. नीडल नीट बसली नाही तर पेट्रोल चढतच राहतं आणि आतल्या उभ्या नळीतून बाहेर सांडतं. गाडी चालू असताना इंजिन ते पिऊन टाकतं म्हणून काही दिसत नाही, थांबलं की गळतं. माझी दहा किलोमीटरची टेस्ट पास झाली ती यामुळेच, आणि घरी आल्यावर सवयीने कॉक बंद केला होता ते वेगळंच.

मग रस्त्याकडेचा उपाय: स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलके टकटक केलं, ड्रेन उघडून खाली बाटली धरली आणि कॉक काही सेकंद चालू केला, म्हणजे नीडलपाशी अडकलेली घाण वाहून जाते. थांबलं! चाळीस किलोमीटर. मग परत सुरू. उरलेलं अंतर प्रत्येक थांब्याआधी कॉक बंद करत काढलं.

मुक्कामाला पोचल्यावर बाहेर मोकळ्यात, बॅटरीच्या उजेडात बाऊल उघडला. नीडलच्या रबरी टोकाला केसाएवढी काळी वळी चिकटलेली, खोडरबर घासल्यावर निघते ना, तशी. फिल्टर असताना ही आली कुठून? तर नवीन नळी मी कार्बोरेटरच्या निपलवर (नळी जोडायच्या तोंडावर) कोरडीच, रेटून घुसवली होती, निपलच्या कडेने आतलं रबर सोललं, आणि ती जागा फिल्टरच्या पुढची! नळीचं टोक उजेडात धरलं तर आत दोन ओरखडे स्पष्ट. सेंटिमीटरभर कापून टाकलं, आतून इंजिन ऑइलचं बोट फिरवलं, अलगद बसली.

पण बाऊलची रबरी रिंग आता खाचेत बसेना. घरी मी तिच्यासकट क्लीनर स्प्रे मारला होता, फुगलेली, तेव्हा कशीबशी कोंबली होती. मित्र म्हणाला सीलंट लाव. नको रे बाबा, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि तुकडे जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकांत) जातात. रिंग रात्रभर उघड्यावर ठेवली, सकाळी आक्रसली आणि गुपचूप बसली.

चालू करण्याआधी इंजिन ऑइलची काडी नक्की बघा. लेव्हल वाढलेली किंवा पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल सिलिंडरमार्गे खाली उतरलंय, ऑइल बदलल्याशिवाय स्टार्ट नाही. माझं ठीक होतं. मग साईड स्टँडवर, कारण कललेल्या गाडीत बाऊलमधली पेट्रोलची लेव्हल बदलते, खाली वर्तमानपत्र, कॉक चालू, अर्धा तास. कागद कोरडा. हीच टेस्ट मी घरी करायला हवी होती.

जवळ ठेवा: फूटभर पेट्रोलचीच नळी (पाण्याची पारदर्शक चालत नाही, कडक होऊन तडकते), दोन क्लिपा, बाऊलची एक जादा रिंग. आणि गळतीचा शोध नेहमी वरून खाली घ्या, सगळं कोरडं पुसून कॉकपासून टिश्यू टेकवत या, पहिला ओला होईल ती जागा, कारण थेंब पडतो तिथे बिघाड असेलच असं नाही. फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी (ज्यांच्या गाडीत कार्बोरेटर नसतो) मात्र यातलं उघडाउघडीचं काही करू नका, त्या लाईनमध्ये प्रेशर असतं.

परतीचे १६० किलोमीटर थेंब नाही. तरी मित्र दर थांब्यावर आधी माझ्या गाडीखाली वाकायचा, मग स्वतःचं हेल्मेट काढायचा.