बापूंची हनुवटी

परवा डॉक्टरीणबाईंनी गळ्याभोवती टेप गुंडाळला, शिंपी ब्लाउजचं माप घेतो तसा. १७ इंच. म्हणाल्या, बायकांचा गळा १६ च्या पुढं गेला की आम्ही झोपेचं विचारतोच. मग 'आ' करायला लावून बॅटरी मारली. पडजीभ दिसलीच नाही म्हणे, नुसती जीभच.

रात्रभर अंगाला वायरी लावून झोपले होते, त्याचा रिपोर्टही होता. तासाला ३४ वेळा श्वास थांबतो नाहीतर बराच कमी होतो. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात याला, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. ३० च्या वर म्हणजे तीव्र.

मला वाटलं, झालं, आता सगळं वजनावर येणार. कमी खा, चालायला जा, ऐकून कान किटलेत. दोन्ही बाळंतपणांनंतरचं अंग, वर थायरॉइडची गोळी. जाऊ दे.

वजनाचा वाटा आहेच. चरबी काय पोटावरच चढते असं नाही, जिभेत आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंनाही साठते. उताणं झोपलं की पोट फुप्फुसांना वर रेटतं, मग गळ्याला खालून जो ताण असतो तो सैल पडतो. नाकाला हाडाचा आधार, श्वासनळीला कूर्चेच्या कड्या. मधला घसा तेवढा नुसत्या मांसाचा. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरतात, झोपेत ढिले पडतात.

पण मग त्यांनी मला बाजूनं बघितलं आणि विचारलं, "वडील घोरायचे का?"

घोरायचे म्हणजे? अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पण बापू तर काडीसारखे होते! त्या म्हणाल्या, खालचा जबडा लहान, मागं असला की जिभेला जागा पुरत नाही, ती घशावर पडते. बारीक माणसालाही होतं. तुमचा जबडा तसाच आहे, त्यात वजनाची भर.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. उन्हाळ्यात आम्ही सगळे माळवदावर झोपायचो. बापूंचं घोरणं मध्येच थांबायचं. मी आणि धाकटी पांघरुणात तोंड खुपसून मोजायचो, एक, दोन, तीन... मोठा आवाज करून ते पुन्हा सुरू झाले की आम्ही खुदुखुदु हसायचो. आमचा खेळ होता तो. त्यांचा जीव गुदमरत होता आणि आम्ही मोजत होतो.

दिवसा मोंढ्यात, आडतीवर, खतावणीवरच त्यांची मान पडायची. मालक बोलायचा. आई आळशी म्हणायची. कुणाला काय ठाऊक.

बापूंना कायम दाढी. हनुवटी मी कधी पाहिलीच नव्हती. काल ट्रंकेतून त्यांच्या लग्नाचा फोटो काढला. दाढी नाही, बाशिंग बाजूला सरकलेलं. ओठाखालून गळा सरळ उतरत गेलेला. आरशात मी कुशीला वळून पाहिलं. तीच उतरण. का कोण जाणे, रडू आलं नाही. बरंच वाटलं. इतकी वर्षं ही माझ्या तोंडावर होती तर.

जबडा काही बदलत नाही. वजनाचा दहावा हिस्सा उतरला तरी आकडा बराच खाली येतो म्हणाल्या, तेवढं मी करीन. कुशीवर झोपायला लागलेच आहे. झोपेत नाकातून हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन सोमवारी येईल. रात्री लाइट गेली तर काय करायचं, ते विचारायचं राहिलं.

रात्री धाकटीला फोन केला. विचारलं, आठवतं का, आपण मोजायचो?

"हो की आक्का. एकदा बावीसपर्यंत गेलो होतो."

मग ती पण गप्प, मी पण.