लहान कॉलेज, मोठी फी

‘मुलगी अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजचं नाव घेतेय. जेमतेम दोन हजार मुलं, बडोद्यात कुणी नाव ऐकलेलं नाही. आर्ट्सला एवढा पैसा घालायचा का?’ अकरावीचा निकाल लागला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

आधी ‘आर्ट्स’ या शब्दाची पंचाईत. आपल्या डोक्यात सायन्सला मार्क कमी पडले की घ्यायची ती आर्ट्स साइड. लिबरल आर्ट्स कॉलेजात तसं नाही. गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं याच कॉलेजांत शिकवतात. सयाजीराव विद्यापीठात फॉर्म भरतानाच फॅकल्टी ठरते. अमेरिकेतल्या या कॉलेजांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सांगितला तरी चालतो. पुष्कळ ठिकाणी सहामाहीला चार कोर्स, म्हणजे चार वर्षांत बत्तीस. त्यांतले दहा-बारा मुख्य विषयाचे, बाकीचे इतर विषयांतले. (सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनीही अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान घेतलं होतंच. ते पदव्युत्तर शिक्षण होतं, पण बडोद्याला ही कल्पना परकी वाटू नये.)

लहान असण्याचा फायदा खरा आहे. वर्गात पंधरा-वीस मुलं, शिकवायला स्वतः प्राध्यापक, आणि एमएस-पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळेतलं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वाट्याला येतं. रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल इथून पुढे पीएचडी करणाऱ्यांचं प्रमाण एकूण विद्यार्थ्यांच्या मानाने मोठं असतं, ते बरंचसं यामुळे.

पण गोम तिथेच आहे. समजा, भौतिकशास्त्राच्या विभागात पाच प्राध्यापक आहेत. एक जण सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर गेला, एकाची जागा भरायची राहिली, की उरले तीन. मग क्वांटम मेकॅनिक्स एक वर्षाआड लागतो, आणि मुलगी तिसऱ्या वर्षी एक सहामाही दुसऱ्या देशात शिकायला गेली असेल तर नेमका तोच हुकतो. म्हणून कॉलेजचं माहितीपत्रक बाजूला ठेवा. रजिस्ट्रारच्या पानावर मागच्या चार सहामाहींचं प्रत्यक्ष वेळापत्रक असतं, ते उघडा. तिच्या विषयाचे वरच्या पातळीचे कोर्स किती वेळा लागले, कुणी शिकवले, तात्पुरते नेमलेले किती, हे वहीत उतरवा. तासाभराचं काम आहे. रँकिंग वाचण्यात घातलेल्या महिन्यापेक्षा या तासातून जास्त कळतं.

दुसरं बघायचं ते कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजच्या आकडेवारीचे ठराविक नमुन्यातले तक्ते. बहुतेक चांगली कॉलेजं तो दरवर्षी स्वतःच प्रसिद्ध करतात. त्यातला एच ६ हा तक्ता आपल्या कामाचा: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आर्थिक मदत मिळाली आणि सरासरी किती. आय ३ मध्ये किती वर्ग दहाच्या आतले, किती वीसच्या, किती पन्नासच्या वरचे, ते दिसतं. पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं टिकली हा आकडा बी भागात सापडतो. तो ऐंशीच्या खाली असेल तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पैसा. नावाजलेल्या कॉलेजांत राहण्याखाण्यासकट वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. तो सगळ्यांना भरावा लागत नाही. मदत दोन तऱ्हांची: घरची ऐपत बघून दिलेली, आणि मार्क-गुण बघून दिलेली. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट गुणांवर काही देत नाहीत, सगळं ऐपतीवर. डेनिसन, वूस्टर यांसारखी कॉलेजं गुणांवरही देतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन प्रवेश ठरवताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत; बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणून ‘आत्ता मागू नका, आत शिरल्यावर बघू’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चार वर्षं ती मिळत नाही, असा नियम अनेक कॉलेजांत आहे.

सगळ्यात जास्त घरं फसतात ती साध्या बेरजेत. समजा खर्च ८५ हजार आणि गुणांवरची शिष्यवृत्ती दरवर्षी ४० हजार. उरले ४५, गुणिले चार, एक लाख ऐंशी हजार डॉलर, असा हिशोब मांडला जातो. पण फी दरवर्षी चारेक टक्क्यांनी वाढते आणि शिष्यवृत्तीचा आकडा गोठलेला असतो. मग दुसऱ्या वर्षी खिशातून ४८,४००, तिसऱ्या वर्षी सुमारे ५१,९००, चौथ्या वर्षी ५५,६०० जातात. एकूण दोन लाखांच्या वर. विमा, विमानभाडं आणि घसरता रुपया यात धरलेला नाही. पॅकेजमध्ये ‘कॅम्पसवरची नोकरी’ असं लिहिलेलं असेल तर ती रक्कम फीमधून वजा होत नाही. ती मुलीने मेसमध्ये किंवा लायब्ररीत काम करून कमवायची असते, तीही सहामाही चालू असताना आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत.

ऐपतीवरच्या मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्न-मालमत्तेचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. आकडे रुपयांतच भरा, स्वतः डॉलर करत बसू नका. प्राप्तिकर विवरणपत्राशी ते जुळले पाहिजेत. मांडवीजवळच्या वडिलोपार्जित वाड्यात चार भावांचे हिस्से असतील तर आपलाच हिस्सा दाखवा आणि तसं खुलाशात लिहा.

तारखांचा घोळ खास आपल्याकडचा. कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना अर्ज करायचा एकच ऑनलाइन फॉर्म) १ ऑगस्टला उघडतं आणि अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकर करायच्या अर्जाची, मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. त्याआधी नवरात्र, बडोद्याचा गरबा, मग गुजरात बोर्डाच्या शाळांची तीन आठवड्यांची दिवाळीची सुट्टी. शिफारसपत्रं शिक्षकांनी स्वतः अपलोड करायची असतात, आणि नेमके तेव्हा सर गावाला गेलेले असतात. दोन शिक्षकांना जुलैतच विचारा. नववीपासूनचे मार्क लागतात, तेव्हा नववी आणि अकरावीच्या शाळेच्या गुणपत्रिका शोधून ठेवा. शाळेत काउन्सेलर नसला तर स्कूल रिपोर्ट मुख्याध्यापक भरतात. त्यांना शेजारी बसून एकदा समजावून द्यावं लागतं. अर्ली डिसिजन बांधील असतं, एकाच कॉलेजला करता येतं. मदत कमी पडली तर सुटका मागता येते, पण दोन कॉलेजांची पॅकेजं समोरासमोर ठेवून बघता येत नाहीत. पैसा हाच मुख्य मुद्दा असेल तर नेहमीच्या मुदतीतला रेग्युलर अर्जच बरा.

कॉलेज टिकेल का, हेही पाहायचं. व्हरमाँटचं मार्लबरो २०२० मध्ये बंद झालं, न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये. वेल्सने एप्रिलच्या शेवटी जाहीर केलं आणि ती सहामाही संपताच दारं लावली. फॉर्म ९९० म्हणजे ना-नफा संस्थेने सरकारला दिलेलं वार्षिक विवरणपत्र; तीन-चार वर्षांचे सर्वांना पाहता येतात, ते आणि त्याच वर्षांचे कॉमन डेटा सेट चाळा: सतत तूट, पहिल्या वर्षाची मुलं कमी-कमी, आणि जवळजवळ सगळ्यांना भरमसाट सूट, हे तिन्ही एकत्र दिसलं की दूर राहा.

भारतातही पर्याय आहेत: सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, श्रीसिटीचं क्रिया, आणि हाकेच्या अंतरावरचं अहमदाबाद विद्यापीठ. तिथेही विभागात पूर्णवेळ किती जण, हाच प्रश्न आधी.

नोकरीबद्दल दोन बारकावे, कारण ते कुणी सांगत नाही. शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने काम करता येतं, विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणितात, मोडत असेल तर आणखी २४. अर्थशास्त्र कुठल्या सीआयपी कोडखाली (अमेरिकी सरकारच्या विषयांच्या यादीतला क्रमांक) नोंदवलंय यावर ते ठरतं: ४५.०६०१ असेल तर स्टेम नाही, ४५.०६०३ असेल तर आहे. तसंच, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणारे उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम बहुतेक अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असतात. तेव्हा विभागप्रमुखांना ईमेल करून कोड विचारा, आणि कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून मागच्या उन्हाळ्यात किती परदेशी मुलांना काम मिळालं, तेही. ईमेल मुलीनेच लिहावा. वडिलांच्या पत्त्यावरून गेलेला लगेच ओळखू येतो.