उंबऱ्यापाशी थांबलेला टेप

22 जुलै 2021 च्या पुरानंतर क्लेमच्या पाहणीसाठी मी चिपळूणला पोचलो, तेव्हा पाणी उतरून आठवडा झाला होता. बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, फ्रिज, फुगलेली कपाटं आणि आंबलेल्या धान्याची पोती पडली होती. गाळाचा वास कपड्यांत बसायचा. मी विमा सर्व्हेअर आहे, नुकसान मोजणं हे माझं रोजचं काम. पण त्या दिवशीचं चौथं घर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढे किराणा दुकान, मागे तीन खोल्यांचं घर, मध्ये एक दार. दुकानाला बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर दिलेलं फिरतं कर्ज होतं, म्हणून मालाची पॉलिसी होती. बँक दरवर्षी न चुकता ती रिन्यू करून घ्यायची. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. टेप लावला, 7 फूट 2 इंच. स्टॉक रजिस्टर भिजलं होतं, पण जीएसटीची रिटर्नं होती, खरेदीची बिलं व्यापाऱ्यांकडून पुन्हा मिळण्यासारखी होती. दुकानदार काकांचा क्लेम उभा राहणार होता.

तेवढ्यात आतून काकू आल्या. हातात खराटा, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. "साहेब, इकडचं पण मोजा ना."

तीच रेघ दारातून तशीच सरळ आत गेली होती. शिवणयंत्र, घरघंटी, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी आणि साड्या, सगळं त्या रेघेखाली. "2005 ला पाणी इथवर आलं होतं," काकूंनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, "म्हणून सगळं त्याच्या वर चढवून ठेवलं होतं हो."

मला सांगावं लागलं की ह्या खोल्यांची पॉलिसीच नाही. एकच भिंत, एकच पाणी, आणि माझा टेप उंबऱ्याशी थांबला. सरकारी पंचनाम्यातून सानुग्रह अनुदान येईल ते 10 हजारांचं.

काका खाली मान घालून म्हणाले, "घराचा विमा आम्हाला कुठला परवडायला? ही बाजारातली जागा. आज 60-70 लाखांना जाईल."

हा गैरसमज मी शेकडो घरांत ऐकलाय, आणि दर वेळी पोटात तुटतं. जमीन कुठे वाहून जाते? विमा असतो तो बांधकाम पुन्हा उभं करायच्या खर्चाचा. चिखल नसलेला एक पुठ्ठा शोधला आणि त्यावर लिहून दाखवलं. 600 चौरस फूट, फुटाला 1,500 धरले तर 9 लाख. एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, घरातल्या सामानासाठी आपोआप धरले जातात. म्हणजे इथे 1 लाख 80 हजार. पूर, आग, वादळ, भूकंप, दरड, सगळं त्यात येतं. विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा कमी धरली गेली असली, तरी त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत. रोकड मात्र त्यात नाही, आणि दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण पॉलिसी विकताना नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं.

मला पुष्कळदा विचारतात, चौथ्या मजल्यावर राहतो, पूर तिथे कशाला येतोय? पण सिलिंडर चौथ्या मजल्यावरही असतो. आणि कोयनेच्या 1967 च्या भूकंपाच्या आठवणी सांगणारी माणसं ह्या भागात अजून आहेत. भाड्यानं राहणाऱ्यानंही नुसत्या सामानाचा विमा घ्यावा, भिंती मालकाच्या असल्या तरी भांडी आपलीच असतात.

"हप्ता किती बसला असता?" काकूंनी विचारलं.

"वर्षाला हजाराच्या आसपास."

त्या काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी शिवणयंत्राचं चाक हातानं फिरवून पाहिलं. ते अर्धा वेढा फिरलं आणि गाळात अडकलं.

दुकानाचा रिपोर्ट मी रात्री लिहायला घेतला. पण निघण्याआधी काकूंबरोबर आतल्या तिन्ही खोल्यांतल्या सामानाची यादी केली, फोटो काढले आणि तलाठ्याला दाखवायला त्यांच्या हातात दिली. पुठ्ठ्याचा तो तुकडा काकांनी घडी घालून खिशात ठेवला होता.