माझ्यापुरता आवाज

मंगळवार, रात्री साडेदहा

आजच्या बैठकीत पुन्हा तेच झाले. पुढच्या तिमाहीच्या नियोजनावर पाऊण तास चर्चा झाल्यावर वरिष्ठांनी टेबलाभोवती नजर फिरवली, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तुम्ही आज काहीच बोलला नाहीत." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, तरीही आठ माना एकदम माझ्याकडे वळल्या आणि मघापासून मनात नीट लावून ठेवलेले तीन मुद्दे कुठल्या कुठे गेले. "मला पटते आहे," एवढेच मी म्हणाले. मला पटलेले नव्हते.

त्या पाऊण तासात मी काय करत होते ते लिहून ठेवते, कारण पाहणाऱ्याला मी नुसती बसून होते असेच वाटले असणार. प्रोजेक्टरच्या पंख्याचा सूर मध्येच बदलत होता. समोरच्या सहकाऱ्याने बोलण्यासाठी दोनदा पेनाचे टोपण काढले आणि दोन्ही वेळा दुसरेच कुणी बोलू लागल्यामुळे ते परत लावले. शेजारच्या दोघांचे आत येण्यापूर्वीच काही तरी बिनसले होते. एरवी एकमेकांच्या कागदांत डोकावणारी ती माणसे आज फक्त वरिष्ठांकडे पाहून बोलत होती. आणि पडद्यावरच्या तक्त्यातली काम सोपवण्याची तारीख गेल्या आठवड्याच्या ईमेलमधल्या तारखेशी जुळत नव्हती, चांगला तीन आठवड्यांचा फरक होता. यातली शेवटची गोष्ट तेवढी कामाची होती आणि ती मला दिसलेली होती. पण पंखा, टोपण आणि त्या दोघांमधला अबोला बाजूला सारून तीच एक वर काढायला मला पाऊण तास पुरला नाही. घरी येऊन, एकच दिवा ठेवून, तासभर कुणाशीही न बोलता बसल्यावर ती आपोआप वर आली. साडेनऊला चार ओळींचा ईमेल पाठवला.

बुधवार

उत्तर आले. "मुद्दा अगदी बरोबर आहे. काल बैठकीत का नाही सांगितलात?"

अजून काही लिहिलेले नाही.

गुरुवार, रात्री

दोन दिवस तो प्रश्न डोक्यात आहे. लहानपणापासून मला जी विशेषणे मिळाली ती आज एका कागदावर उतरवली: घुमी, भिडस्त, लाजाळू, हळवी, एकलकोंडी आणि जेमतेम ओळख असलेल्यांच्या तोंडी 'शिष्ट'. सगळी एकाच अर्थाने वापरली गेली, पण ती एका अर्थाची नाहीत. भिडस्त माणसाच्या तोंडून 'नाही' निघत नाही. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुख माणसाला अशी धास्ती असेलच असे नाही. चार माणसांत तो उत्तम वावरेल, फक्त नंतर त्याला एकटेपणी पुन्हा जमवाजमव करावी लागेल. आणि हळव्या माणसाला, आम्हांला नेहमी सांगतात तसे, सगळे 'मनाला लावून घेण्याची' सवय असते. या शेवटच्या वाक्प्रचाराशी माझे जुने भांडण आहे. लावून घेणे ही आपण होऊन करायची क्रिया झाली. मी काही लावून घेत नाही, ते लागते. (मी भिडस्तही आहे, हे मान्य. तो वेगळा दोष आहे आणि त्याचे खापर स्वभावशास्त्रावर फोडण्यात अर्थ नाही.)

इलेन एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आर्थर एरन यांच्यासह १९९७ मध्ये या संवेदनशीलतेवर शोधनिबंध लिहिला आणि ती मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तीव्र प्रकाश, उग्र वास, खरखरीत कापड आणि जवळून जाणारा सायरन यांचा तुम्हांला त्रास होतो का, दुसऱ्यांच्या मनःस्थितीचा तुमच्यावर परिणाम होतो का, अशी ती विचारत जाते. त्यातला एक प्रश्न वाचून मी काही वर्षांपूर्वी चमकले होते: काम करताना कुणी निरखून पाहत असेल, तर एरवी जमले असते त्यापेक्षा ते खूपच बिघडते का? आठ माना वळल्यावर माझे जे होते, त्याला छापील प्रश्नात जागा होती. एरन यांनी हा विकार मानलेला नाही, जन्मजात ठेवण मानली आहे, आणि अंतर्मुखतेपासून ती वेगळीही काढली आहे. अशा माणसांपैकी सुमारे ३० टक्के बहिर्मुख असतात, असा त्यांचा अंदाज आहे. हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण आमच्या विभागात सर्वांत जास्त बोलणारी बाई अशीच आहे. ती दिवसभर सगळ्यांना हसवते आणि कुणी तरी सहज केलेल्या शेऱ्यावर संध्याकाळी जिन्यात एकटी उभी राहते. तिला कुणी हळवी म्हणत नाही, कारण बोलका माणूस निबर असतो अशी आपली समजूत आहे.

यंदा वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'काम उत्कृष्ट. मात्र पुढाकार कमी' असा शेरा आला. तो आला त्याच वर्षी आमच्या मजल्यावरच्या मधल्या भिंती काढून सगळ्यांना लांबच लांब टेबलांवर बसवण्यात आले, कारण त्यामुळे माणसे एकमेकांशी जास्त बोलतील असे ठरले होते. प्रत्यक्षात सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आले आणि दोन खुर्च्या पलीकडे बसलेला माणूसही मला संदेश टाइप करून विचारू लागला. हे आमच्याकडेच घडले असे नाही. एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन या दोघांनी २०१८ मध्ये अशाच रीतीने भिंती काढलेल्या दोन कंपन्यांच्या मुख्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणजे भिंत गेली की बहिर्मुख माणूसही स्वतःपुरती भिंत उभी करतो. आमच्यासारख्यांना ती थोडी आधी लागते, इतकेच.

मला मात्र सर्वांत जास्त उपयोगी पडला तो १९८४ चा एक जुना प्रयोग. रसेल गीन यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या शिकण्याचे काम दिले आणि ते करताना कानांवर पडणाऱ्या गोंगाटाची पातळी ज्याची त्याला निवडू दिली. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबल निवडले, अंतर्मुखांनी ५५. डेसिबलचे माप सरळ चढत नाही, त्यामुळे १७ चा हा फरक कागदावर लहान दिसला तरी ध्वनीच्या तीव्रतेत तो जवळजवळ पन्नास पटींचा होतो. तरी खरी मौज पुढे आहे. आपापल्या पातळीवर दोन्ही गटांनी सारखेच चांगले काम केले, आणि पातळ्यांची अदलाबदल केल्यावर दोघांचेही बिघडले. दोघांचेही! शांततेत बहिर्मुख माणसाचे डोके चालेनासे होते, पण त्याच्या मूल्यमापनात 'शांतता सहन होत नाही' असा शेरा कुणी लिहीत नाही, कारण कार्यालय मुळात त्याच्या पातळीवर लावलेले असते. मी इतकी वर्षे ज्याला धैर्याची कमतरता समजत आले, त्यातला निदान अर्धा भाग दुसऱ्याच्या पातळीवर काम करण्याचा होता. उरलेला अर्धा खरोखरच धैर्याचा असेल. तो मी नाकारत नाही.

रविवार

गुरुवारी लिहिलेले आज वाचले आणि थोडी लाज वाटली. त्यात मी फार शहाणी दिसते आहे.

शुक्रवारी दुपारी, सलग तीन बैठका आणि शेजारी स्पीकरवर चाललेला फोन यानंतर, पेनाचे टोपण काढणारा तो सहकारी माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच "दोन मिनिटे आहेत का?" असे म्हणाला. "आत्ता नको," असे मी त्याच्याकडे न पाहता म्हटले. माझ्या आवाजाला धार होती, ती मला स्वतःलाही ऐकू आली. तो "बरं, बरं" म्हणून गेला. दुसऱ्यांच्या मनःस्थितीचा परिणाम होतो का, या प्रश्नापुढे मी ठळक खूण केली होती. पण परिणाम होणे निराळे आणि विचारपूस करणे निराळे. मंगळवारी त्याने दोनदा टोपण काढलेले मी पाहिले होते, चार दिवस लक्षातही ठेवले होते आणि रोजनिशीत बारकावा म्हणून लिहूनही टाकले होते. "तुम्हांला काही बोलायचे होते का?" असे त्याला विचारायला तेव्हा अर्धे मिनिट लागले असते. संवेदनशीलतेला हल्ली जे पदकासारखे मिरवले जाते, ते मला म्हणूनच रुचत नाही. पुष्कळ टिपून घेणारे मन भरले की इतरांइतकेच, कधी कधी इतरांपेक्षा जास्त, तोडून बोलते.

सायंकाळी त्याला दोन ओळी लिहिल्या. त्याचे उत्तर लगेच आले: त्यालाही तारखांचाच घोळ दिसला होता.

त्यानंतर बुधवारच्या ईमेलचे राहिलेले उत्तर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात गीन, एरन, सगळेच आले होते, ते काढले. शेवटी इतकेच ठेवले की मला ऐकता ऐकता विचार करता येत नाही, आधी किंवा नंतर करता येतो; तेव्हा बैठकीचे विषय आदल्या दिवशी मिळाले, तर मी मुद्दे लिहून आणीन. 'शक्य असल्यास', 'गैरसोय होणार नसेल तर' आणि 'क्षमस्व' हे तिन्ही खोडले. 'शक्य असल्यास' पुन्हा घातले.

वरिष्ठांचे उत्तर रात्री नऊला आले. विषय उद्या दुपारपर्यंत मिळतील, मात्र मंगळवारी सुरुवात मी करायची.

हे मात्र मी मागितले नव्हते. तेव्हापासून खोलीत येरझारा घालत पहिले वाक्य मोठ्याने म्हणून पाहते आहे, आणि माझा आवाज या खोलीपुरता तरी पुरेसा मोठा आहे.