स्कॉच एग, घरचे आणि गरम

रविवार, रात्री

आजची दुपार स्कॉच एग करण्यात गेली. नाव स्कॉटलंडचे असले तरी पदार्थ इंग्लंडचा आहे : उकडलेल्या अंड्याभोवती सॉसेजच्या मांसाचे आवरण, त्यावर पावाचा चुरा आणि मग तळण. यॉर्कशरमध्ये राहायला आल्यापासून मी तो सुपरमार्केटच्या थंड कपाटातून आणलेलाच खाल्ला होता. बलक कोरडा, चुरा मऊ पडलेला आणि अंडे व मांस यांच्यामध्ये पोकळी, अशी त्याची ओळख झाल्यामुळे इथले लोक सहलीला निघताना तो इतक्या प्रेमाने का बांधून घेतात, हे मला कधी उमगले नव्हते.

लंडनचे फोर्टनम अँड मेसन हे दुकान सांगते की आपणच १७३८ मध्ये प्रवाशांसाठी हा पदार्थ शोधून काढला. काहीजण त्याचे मूळ आपल्याकडच्या नर्गिसी कोफ्त्यात शोधतात. मला अधिक रस आहे तो मरिया रंडेल यांच्या पाककृतींच्या पुस्तकाच्या १८०९ च्या आवृत्तीत. तिथे पाच अंडी कडक उकडून, त्यांवर हॅम किंवा अँकोव्ही मासा घातलेल्या मसालेदार मांसाचा लेप देऊन तळायला सांगितले आहे. पावाच्या चुऱ्याचा उल्लेखही नाही आणि पदार्थ वाढायचा तो ग्रेव्हीसोबत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तो ताटात गरम येत होता.

लिंकनशर सॉसेजमध्ये सेज या सुगंधी वनस्पतीची पाने असतातच, म्हणून ती सॉसेजच आणली, त्यांची साल काढली आणि आतल्या मांसात थोडी मिरपूड, जायफळ आणि चमचाभर इंग्लिश मोहरी मिसळली. अंडी उकळत्या पाण्यात सहा मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, कारण पुढे तळतानाही बलक शिजत राहतो. खरी कसोटी आवरणाची आहे. तळताना मांस आकसते, अंडे आकसत नाही, आणि अंड्यावर ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन आवरण फाटते. त्यासाठी अंडी नीट कोरडी करून मैद्यात घोळवावी लागतात. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये मांस लाटून, पुरणाचा उंडा बंद करावा तसे ते चहूबाजूंनी वर आणत सांधा बोटांनी पुसून टाकला. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर एका बाजूचे डुकराचे मांस कच्चे राहते आणि दुसऱ्या बाजूचा चुरा करपतो.

तेल १७० अंशांवर ठेवून, अंडी फिरवत सात-आठ मिनिटे तळली. मांसाच्या मध्यभागी ७० अंश उष्णता दोन मिनिटे टिकायला हवी, हा इथला सुरक्षिततेचा नियम थर्मामीटर टोचून पाळला. नुसता रंग पाहून डुकराचे मांस ताटात वाढणे मला मान्य नाही. मांस पूर्ण शिजलेले आणि बलक अजून ओघळता, या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच कढईत साधणे हीच या पदार्थाची गंमत आहे. अर्थात सहलीच्या डब्यासाठी मी बलक कडकच ठेवीन, कारण गवतावर बसून हातात धरून खाताना ओघळता बलक कपड्यांवरच जातो.

डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या काही भागांत पबमध्ये भरपेट जेवणासोबतच मद्य देण्याचा नियम होता, तेव्हा स्कॉच एगला जेवण म्हणावे की नाही यावर मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली होती. आज एक गरम अंडे कांद्याच्या ग्रेव्हीत बुडवून आणि दुसरे पिकॅलिलीसोबत, म्हणजे हळद-मोहरीच्या त्या आंबट इंग्रजी लोणच्यासोबत, खाल्ल्यावर मला तिसरे काही घेववले नाही, तेव्हा माझा कौल जेवणाच्याच बाजूने आहे. त्यातही ग्रेव्ही सरस. रंडेलबाईंच्या पद्धतीने अँकोव्ही घालून पाहणे मात्र अजून बाकी आहे.